परक्या शहरात म्युझिक फेस्टिव्हल आणि सोबत मुलं: सगळं कसं जमवायचं

फिरायला गेलेल्या शहरात नेमका म्युझिक फेस्टिव्हल चालू असतो किंवा आपण मुद्दाम फेस्टिव्हलच्या तारखा बघूनच ट्रिप ठरवतो, आणि मग प्रश्न येतो की मुलांना न्यायचं का. माझं उत्तर हो, नक्की न्या. लहानपणी समोर बसून ऐकलेलं, खऱ्या वाद्यांचं, खऱ्या माणसांनी वाजवलेलं संगीत मुलांना जे देतं ते स्क्रीनवरून मिळत नाही. फक्त एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करा. एकटे असताना आपण लाइनअप बघून दिवस आखतो, हा बँड चार वाजता, तो सातला, मग शेवटचा मोठा शो. मुलं सोबत असली की लाइनअप बाजूला ठेवायचं आणि मुलाचे कान, मुलाची झोप आणि परत यायचा रस्ता या तीन गोष्टींवरून दिवस आखायचा, आणि त्यात जे बसेल ते ऐकायचं. दोन शो नीट ऐकून झाले तर तो दिवस भरपूर झाला असं समजा. हे मान्य असेल तर पुढचं सगळं सोपं आहे.

आधी फेस्टिव्हल कुठल्या प्रकारचा आहे ते बघा

शहरातले फेस्टिव्हल ढोबळमानाने तीन प्रकारचे. एक म्हणजे मोठ्या मैदानाला कुंपण घालून, तिकीट लावून, आत चार-पाच स्टेज. दुसरा म्हणजे शहरभर पसरलेला, चौकात, बागेत, रस्त्याच्या कोपऱ्यावर लोक वाजवतायत आणि आपण चालता चालता ऐकतोय. फ्रान्समध्ये १९८२ साली सुरू झालेला आणि दरवर्षी २१ जूनला होणारा फेत द ला म्युझिक हा असाच, आता तो इतर बऱ्याच देशांतही होतो. मॉन्ट्रियलच्या जॅझ फेस्टिव्हलमध्येही शहराच्या मध्यभागी उघड्यावरचे फुकट शो भरपूर असतात. तिसरा प्रकार हॉलमधल्या मैफिलींचा, जागेवर बसून ऐकायच्या.

लहान मुलं असतील तर मी दुसरा प्रकार निवडेन, डोळे झाकून. कारण एकच, तिथून कधीही उठून जाता येतं. मूल कंटाळलं की पुढच्या चौकात, तिथे जमलं नाही तर सरळ बागेत घसरगुंडीवर, पैसे वाया गेले म्हणून जीव हळहळत नाही आणि "आता तिकीट काढलंय तर बस थोडा वेळ" असं मुलाला म्हणायची वेळ येत नाही. हॉलमधली मैफील थोड्या मोठ्या मुलांना, म्हणजे जी तासभर एका जागी रमतात त्यांना, खरंच छान वाटते, पण जागा कडेची घ्या आणि दाराजवळची, म्हणजे मध्येच उठावं लागलं तर दहा जणांचे गुडघे ओलांडावे लागणार नाहीत.

मैदानातल्या तिकीटवाल्या फेस्टिव्हलला जायचं ठरलं तर बुकिंगच्या आधी नियम वाचा, आणि नीट वाचा. मुलांना प्रवेश आहे का, किती वयापर्यंत फुकट आहे, फुकट असलं तरी वेगळं तिकीट काढावं लागतं का (बऱ्याच ठिकाणी लागतं), ठरावीक वेळेनंतर लहान मुलांना थांबू देतात का, बाबागाडी आत नेता येते का, पिशवीचा आकार किती चालतो, पाण्याची रिकामी बाटली नेता येते का. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एकदा बाहेर पडलं की परत आत घेतात का. हा शेवटचा नियम लोक बघतच नाहीत आणि खरं तर मुलांसाठी तोच सगळ्यात मोठा. बाहेर जाऊन परत येता येत असेल तर दुपारी हॉटेलवर झोप काढून संध्याकाळी पुन्हा जाता येतं, नसेल येत तर दुपार की संध्याकाळ हे आधीच ठरवून टाकायचं, दोन्ही करायला जाऊ नका.

हॉटेल आणि घड्याळ

हॉटेल चालत जाता येईल एवढं जवळ हवं पण स्टेजला खेटून नको. पंधरा-वीस मिनिटं चालत, एवढं अंतर बरं पडतं. अगदी शेजारी घेतलं तर रात्री खिडक्या बंद करूनही बासची धडधड भिंतीतून येत राहते आणि मूल झोपत नाही, कारण कमी फ्रीक्वेन्सीचा आवाज भिंती-काचा फारसा अडवत नाहीत. बुक करताना हॉटेलला दोन प्रश्न विचारा, फेस्टिव्हलच्या दिवसांत समोरचा रस्ता बंद असतो का, आणि मागच्या बाजूची खोली मिळेल का. रस्ता बंद असेल तर टॅक्सी दारापर्यंत येणार नाही, मग सामान आणि झोपलेलं मूल घेऊन किती चालायचंय ते आधी कळलेलं बरं.

फेस्टिव्हलच्या आदल्या दिवशी पोचा. आणि त्या दिवशी संध्याकाळी मुलांना घेऊन गेटपर्यंत फक्त चालत जाऊन या. रस्ता कळतो, कुठे सावली आहे, कुठे स्वच्छ टॉयलेट आहे, कुठून स्टेशन जवळ पडतं हे सगळं दिसतं, आणि मुलांनाही जागा ओळखीची होते. काही ठिकाणी तेव्हा साउंड चेक चालू असतो, तो लांबून ऐकायला मिळाला तर मुलं खूश, एकच ढोल पन्नास वेळा का वाजवतायत हा प्रश्न येतो आणि मग मस्त गप्पा होतात.

लांबच्या देशात गेला असाल तर जेट लॅगचा हिशोब करा, त्याचा चक्क उपयोग होतो. पश्चिमेकडे प्रवास केला असेल तर मुलं तिथल्या संध्याकाळीच पेंगतात आणि पहाटे टक्क जागी होतात, म्हणजे पहिले दोन-तीन दिवस सकाळ-दुपारचे कार्यक्रम धरा. पूर्वेकडे गेला असाल तर उलटं, मुलं रात्री उशिरापर्यंत जागी आणि सकाळी उठवत नाहीत, तेव्हा संध्याकाळचा शो सहज जमतो आणि सकाळ मोकळी ठेवायची. ज्या मुलाला संध्याकाळी सहाला झोप येणारच आहे त्याला रात्री नऊच्या शोला न्यायचा हट्ट करण्यात काही अर्थ नाही.

कान: इथे जरा थांबून वाचा

बाकी काही विसरलात तरी चालेल पण हे विसरू नका. मोठ्या आवाजाने कानाच्या आतल्या ज्या बारीक पेशी खराब होतात त्या परत उगवत नाहीत. मुलांच्या बाबतीत अवघड हे की त्यांना सांगता येत नाही. मोठा माणूस म्हणतो की कान दुखतायत, बाहेर जाऊ. तीन वर्षांचं मूल नुसतं चिडचिडं होतं, मांडीत तोंड खुपसतं, आपल्याला वाटतं भूक लागली असेल.

आकडे थोडे समजून घ्या, फार कठीण नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल आणि मुलांसाठी आठवड्याला ४० तास ७५ डेसिबल ही सुरक्षित मर्यादा. आणि आवाज दर ३ डेसिबलने वाढला की चालणारा वेळ निम्मा होतो. म्हणजे मुलासाठी ७८ ला २० तास, ८१ ला १०, ८४ ला ५, ८७ ला अडीच, आणि ९० डेसिबलला सव्वा तास, एवढ्यात आख्ख्या आठवड्याचा कोटा संपला. कॉन्सर्टचा आवाज ९० च्या वर सहज जातो. याच संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमांच्या जागांसाठी जे मानक काढलं त्यात सरासरी १०० डेसिबल ही वरची मर्यादा धरलीय आणि ती जमलेल्या सगळ्या लोकांना धरून आहे, खास लहान मुलांसाठी नाही. त्यामुळे "आयोजकांनी आवाज मर्यादेत ठेवलाय" एवढ्यावर मुलाला स्टेजसमोर उभं करू नका.

मग करायचं काय? दोन गोष्टी, इयरमफ आणि अंतर. दोन्ही एकदम हव्यात.

इयरमफ म्हणजे कान पूर्ण झाकणारे, वरून पट्टी असलेले, मुलांच्या मापाचे. गाणी ऐकायचे हेडफोन नाहीत. नॉइज कॅन्सलिंग हेडफोनसुद्धा यासाठी बनवलेले नसतात, ते विमानाच्या घरघरीसारख्या एकसुरी आवाजाला चांगले पण कॉन्सर्टमध्ये भरवशाचे नाहीत. इयरमफच्या खोक्यावर आवाज किती डेसिबलने कमी होतो ते लिहिलेलं असतं, पण तो आकडा प्रयोगशाळेतला, वळवळणाऱ्या मुलाच्या डोक्यावर त्याहून कमीच मिळतो असं धरून चाला. टोपीची कड, चष्म्याची काडी, जाड वेणी मफच्या गादीखाली आली की फट पडते आणि तिथून आवाज आत जातो, म्हणून आधी मफ, मग वरून टोपी. एक अजून, मफ बासचा आवाज इतर आवाजांइतका अडवत नाहीत, त्यामुळे मफ घातलेत म्हणून सबवूफरजवळ, म्हणजे फक्त बासचा आवाज काढणाऱ्या मोठ्या स्पीकरजवळ, बसलं तर चालेल असं होत नाही.

फोमचे बोळे लहान मुलांना देऊ नका. त्यांच्या कानाची नळी अरुंद असते, बोळा नीट बसत नाही, बाहेर आला की सरळ तोंडात जातो आणि घशात अडकायची भीती. साधारण शाळेत जाणारी, समजूतदार मुलं झाली की संगीतासाठीचे फिल्टरवाले इयरप्लग चालतात, त्यात सूर विचित्र न होता आवाज फक्त खाली येतो.

आणि मफची सवय घरी असतानाच लावा. नवीन मफ पहिल्यांदा फेस्टिव्हलच्या गेटवर डोक्यावर चढवले तर मूल ते काढून फेकणारच, त्याचं काही चुकलं नाही. निघायच्या आठवडाभर आधीपासून रोज थोडा वेळ, मिक्सर चालू असताना, खेळताना, मग प्रवासात ट्रेनमध्ये किंवा विमानात. रंग मुलाला निवडू द्या, स्टिकर लावू द्या. आणि आईबाबांनीही कानात प्लग घाला, मुलं बघत असतात, आपण घातले की ते कपड्यांसारखंच वाटतं, शिक्षा वाटत नाही.

आता अंतर. उघड्यावर एका साध्या स्पीकरपासूनचं अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने कमी होतो. मोठ्या स्टेजवर वरून लटकवलेल्या स्पीकरच्या लांब रांगा असतात, त्यांचा आवाज मुद्दाम लांबवर पोचेल असा असतो, तिथे अंतर दुप्पट करूनही कधी ३ च डेसिबल कमी होतात, म्हणून तिथे बरंच मागे जावं लागतं. स्पीकरच्या थेट समोर नको आणि जमिनीवर ठेवलेल्या मोठ्या काळ्या सबवूफरच्या जवळ तर अजिबातच नको. मैदानाच्या मध्यावर साउंड इंजिनिअर बसतात तो मिक्सिंग डेस्कचा मांडव असतो, त्याच्याही मागे, जरा कडेला उभे राहा. डेस्कवरच्या माणसाला बरोबर ऐकू यावं अशीच सगळी मांडणी असते त्यामुळे त्या पट्ट्यात ऐकायला चांगलं येतं, मांडवामुळे मागे गर्दीही थोडी तुटते. माझ्या मते मुलांसोबतची ती सगळ्यात चांगली जागा.

आवाज किती आहे याचा अंदाज बिनामीटरचाही येतो. हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलायला आवाज चढवावा लागला तर ८५ च्या आसपास किंवा वर आहात, ओरडावं लागतंय तर बरेच वर. फोनवरची ॲप ढोबळ आकडा देतात, तेवढा पुरतो. मध्ये मध्ये पाऊणएक तासाने शांत कोपऱ्यात जाऊन मफ काढून कानांना विश्रांती द्या, घामही पुसला जातो.

आणि हे एक, कृपया. बाळ स्पीकरच्या आवाजात शांत झोपलं म्हणजे त्याला आवाज चालतोय असं नाही. बाळं दमून झोपतात, आणि झोपेतही कान उघडेच असतात. सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर मोठ्या आवाजाच्या स्टेजपासून लांबच राहा, मफ असले तरी. तेव्हा रस्त्यावरचा एखादा गिटारवाला, बागेतलं छोटं बँड पथक, एवढं पुष्कळ.

पिशवीत काय

ही यादी सगळ्यांना माहीतच असते म्हणून जे राहून जातं तेवढंच लिहिते. मफ केबिन बॅगेत ठेवा, चेक-इन केलेली बॅग उशिरा आली तर त्याच दिवशी पंचाईत. पॉवर बँक तर विमानात हातातल्या सामानातच न्यावी लागते. चादर किंवा बसायची पातळ चटई, कारण मुलं जमिनीवर लोळणारच. एक जादा कपड्यांचा जोड, हलका पावसाचा कोट (छत्री बऱ्याच ठिकाणी आत नेऊ देत नाहीत, आणि मागच्या माणसाच्या डोळ्यांसमोर येते). मुलाची नेहमीची औषधं मूळ पाकिटात, सोबत डॉक्टरची चिठ्ठी, गेटवर पिशवी तपासतात तेव्हा उपयोगी पडते. ओळखीचा खाऊ थोडा, नवीन शहरातलं खाणं आवडेलच असं नाही.

बाबागाडी की पाठीवर बांधायचा कॅरिअर, तर गर्दीत कॅरिअर. गाडी दगडी रस्त्यावर अडते, गर्दीत लोक अडखळतात आणि आत बसलेल्या मुलाला फक्त लोकांचे पाय दिसतात. पण दिवसभरात झोपायला गाडी लागते, त्यामुळे घडी होणारी छोटी गाडी आणि कॅरिअर दोन्ही नेलेत तर सोयीचं. उन्हात गाडीवर ओढणी किंवा दुपटं टाकून पूर्ण झाकू नका, सावली केली असं वाटतं पण आतली हवा कोंडते आणि आत भयंकर तापतं. गाडीचं स्वतःचं छत, हवा खेळती, आणि मुळात गाडीच सावलीत न्या.

मूल हरवलं तर, याची तयारी मूल हरवायच्या आधी

परक्या शहरात मुलाला पत्ता सांगता येत नाही, भाषाही वेगळी असते, आणि फेस्टिव्हलमध्ये हजारो लोक एकाच टॉवरवर असल्यामुळे फोन लागत नाही. म्हणून फोनवर अवलंबून नसलेली तयारी हवी. 

सकाळी हॉटेलमधून निघताना मुलाचा आख्खा फोटो काढा, आजचे कपडे, आजचे बूट. घाबरलेल्या आईबाबांना शर्टाचा रंग आठवत नाही, फोटो दाखवला की काम होतं. मनगटावर कागदी पट्टा किंवा चक्क हातावर पेनाने फोन नंबर लिहा, देशाच्या कोडसकट, कारण तुमचा नंबर बाहेरच्या देशाचा असेल तर नुसत्या आकड्यांनी तिथल्या माणसाला लावता येणार नाही. वर पारदर्शक पट्टी चिकटवली की घामाने पुसत नाही. दोन्ही पालकांचे नंबर लिहा. मुलाचं नाव बाहेरून दिसेल असं लिहू नका, अनोळखी माणसाने नावाने हाक मारली की मुलाला तो ओळखीचा वाटतो.

मुलाला सांगायचं ते एवढंच सांगा. हरवलास तर चालत सुटू नको, जिथे आहेस तिथेच थांब आणि आमचं नाव घेऊन मोठ्याने हाक मार, "आई" नको, तिथे पन्नास आया असतील. कोणी मदतीला हवं असेल तर गळ्यात ओळखपत्र आणि अंगात कर्मचाऱ्यांचं जॅकेट असलेला माणूस, किंवा सोबत लहान मुलं असलेली बाई. आत गेल्या गेल्या असं जॅकेट घातलेला माणूस मुलाला प्रत्यक्ष दाखवा, "हे बघ, असे कपडे". सांगण्यापेक्षा दाखवलेलं लक्षात राहतं.

भेटायची जागा ठरवताना स्टेज ठरवू नका, तिथे गर्दी सगळ्यात जास्त. उंच, न हलणारी, सगळीकडून दिसणारी खूण घ्या, घड्याळाचा मनोरा, मोठं झाड, प्रथमोपचाराचा तंबू. त्या तंबूची जागा तुम्हालाही माहीत हवीच. तातडीचा नंबर त्या देशाचा काय आहे ते आदल्या रात्री बघून ठेवा. युरोपियन युनियनमध्ये आणि भारतातही ११२ चालतो, इतर बऱ्याच देशांत मोबाइलवरून ११२ लावला तर तो तिथल्या सेवेकडे वळतो, तरी स्थानिक नंबर पाठ असलेला चांगला.

गर्दी

गर्दी म्हटलं की लोकांना स्टेजसमोरची ढकलाढकली आठवते. पण धोका बऱ्याचदा येण्याजाण्याच्या अरुंद वाटेवर असतो. जर्मनीत ड्यूसबुर्गला २०१० साली लव्ह परेड नावाच्या म्युझिक फेस्टिव्हलमध्ये २१ माणसं चेंगरून मेली, ती स्टेजसमोर नाही तर मैदानात चढणाऱ्या रॅम्पवर, आत येणारे आणि बाहेर जाणारे एकाच वाटेत अडकल्यामुळे. त्यामुळे गेट, बोगदा, जिना, पूल, स्टेशनची पायरी, अशा ठिकाणी गर्दी दाटलेली दिसली तर मुलांना घेऊन त्यात शिरूच नका, बाजूला थांबा, अर्धा तास गेला तरी चालेल.

ओळखायचं कसं? तुम्हाला हवं तेव्हा हवं तिकडे वळता येतंय तोवर ठीक. दोन्ही खांदे अनोळखी लोकांना टेकायला लागले, हात वर घ्यायला जागा नाही, की तिथून लगेच तिरकं तिरकं कडेला निघायचं, प्रवाहाच्या उलट धक्के मारत नाही. एका चौरस मीटरमध्ये पाच-सहा माणसं झाली की माणसं स्वतःच्या पायांनी चालत नसतात, गर्दी त्यांना नेते. आणि मुलाची उंची लक्षात घ्या. तुम्हाला छातीवर जरा दाब वाटतो तेव्हा मुलाचं तोंड लोकांच्या पोटांमध्ये दाबलेलं असतं. म्हणून तुम्हाला "थोडी गर्दी झाली" असं वाटलं की मुलांसाठी ती आधीच जास्त झालेली असते, तेव्हाच निघा. खांद्यावर मूल घेऊन गर्दीच्या मध्ये उभं राहणं मला तर बिलकुल पटत नाही, धक्का बसला तर दोघंही पडतात, आणि वर मुलाचे कान सरळ स्पीकरच्या रेषेत येतात.

आणि मुख्य म्हणजे संगीत

सगळी सुरक्षा झाली पण मुलाला तिथे काय मिळालं? यावर थोडं तरी आधी काम करा, फार मजा येते.

जायच्या काही दिवस आधी ज्यांना ऐकणार आहात त्यांची दोन-तीन गाणी घरात सहज लावत राहा. मुलांना ओळखीचं आवडतं. जे गाणं गाडीत दहादा ऐकलंय ते समोर माणूस गातोय हे कळल्यावर मुलाच्या चेहऱ्यावर जे येतं त्यासाठीच तर सगळा खटाटोप. कार्यक्रमपत्रिका मुलासमोर ठेवा आणि एक कार्यक्रम त्याला निवडू द्या, फोटो बघून, वाद्य बघून, कशावरूनही. तो कार्यक्रम काही झालं तरी चुकवायचा नाही, तुमचा आवडता बँड चुकला तरी चालेल.

छोटी स्टेज शोधा. मोठ्या स्टेजवर माणसं मुंगीएवढी दिसतात आणि मूल शेवटी मोठ्या स्क्रीनकडेच बघत बसतं, जे घरी पण दिसतं. छोट्या स्टेजवर ड्रमरचे हात दिसतात, व्हायोलिनचा बो दिसतो, सॅक्सोफोनवाल्याचे फुगलेले गाल दिसतात. मुलाला नुसतं "ऐक" म्हणू नका, काहीतरी शोधायला द्या. सगळ्यात खालचा आवाज कुठल्या वाद्यातून येतोय? गाणारा श्वास कधी घेतो? ड्रमर पायाने काय वाजवतो? दोघं एकमेकांकडे बघून काय खुणा करतायत? चार वर्षांचं मूलही यात गुंततं, आणि दहा वर्षांचं तर तुम्हाला दिसलं नाही ते सांगतं. मुलांसाठीची कार्यशाळा असेल तर तिला पहिला नंबर द्या, न्यू ऑर्लिन्सच्या जॅझ फेस्टिव्हलसारख्या काही ठिकाणी मुलांसाठी वेगळा तंबूच असतो. स्वतःच्या हाताने एकदा ताल धरला की पुढचे शो मूल वेगळ्याच कानाने ऐकतं.

कडेला नाचू द्या, गवतावर लोळू द्या, पाठ करून बसलं तरी बसू द्या, पाठ करून बसलेली मुलंही ऐकत असतात, रात्री अचानक तीच ओळ गुणगुणतात. सारखं "बघ बघ" करू नका. आणि फोन एकदा काढा, एक फोटो, एक छोटा व्हिडिओ, मग आत ठेवा. मुलाकडे फोनच्या आडून बघत राहिलात तर ते स्टेज सोडून तुमच्याकडेच बघायला लागतं.

निघायची वेळ मूल रडायच्या आधीची. शेवटचं गाणं संपायची वाट बघू नका, शेवटच्या दोन गाण्यांच्या आधी निघा, गेटवर गर्दी नसते, ट्रेनमध्ये जागा मिळते, आणि मूल चांगल्या मूडमध्ये बाहेर पडतं. चालता चालता मागून ऐकू येतच असतं.

जरा मोठी मुलं असतील तर

दहा-बारा वर्षांच्या पुढच्या मुलांना हे सगळं बाळबोध वाटेल, त्यांना पुढे जायचं असतं, मित्रांना व्हिडिओ पाठवायचा असतो. त्यांच्याशी अटी आधीच बोलून घ्या, गेटवर भांडण नको. इयरप्लग कानात राहणार. अगदी पुढच्या कठड्याशी नाही, कारण तिथून बाहेर पडता येत नाही. वेगळं फिरायचं असेल तर ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी, फोन लागो न लागो, आणि अशी वेळ तासाभरापेक्षा लांबची नको. त्या बदल्यात एक शो पूर्ण त्यांच्या पसंतीचा, आणि तुम्ही तोंड वाकडं न करता शेजारी उभे राहणार. मुलांच्या आवडीचं संगीत मनापासून ऐकलंत तर तीही तुमच्या आवडीचं ऐकून घेतात, हे खरंच होतं.

परतीचा रस्ता आणि दुसरा दिवस

शेवटची ट्रेन किंवा बस किती वाजता ते आधी बघा आणि तिच्या आधीच्या ट्रेनचा प्लॅन करा. टॅक्सीने यायचं असेल तर गेटपासून दहा मिनिटं चालत पुढे जाऊन बोलवा, गेटसमोर रस्तेही बंद असतात आणि भावही चढलेले असतात. लहान मुलाची कार सीट लागणार असेल तर ती सोय आधी बुक करावी लागते, रात्री अकराला मिळत नाही. हॉटेलचं कार्ड खिशात ठेवा, स्थानिक लिपीत पत्ता असलेलं, बॅटरी गेली तरी ड्रायव्हरला दाखवता येतं.

दोन-तीन दिवसांचा फेस्टिव्हल असेल तर सलग सगळे दिवस जाऊ नका. मध्ये एक दिवस सोडा, म्युझियम, बाग, तलाव, नुसतं हॉटेलवर लोळणं, काहीही, पण मोठा आवाज नको. कानांचा हिशोब आठवड्याचा असतो हे वर बघितलंच.

रात्री झोपवताना मुलाला सहज विचारा, कानात काही वाजतंय का, शिट्टीसारखं, किड्यासारखं? किंवा कान बंद झाल्यासारखे वाटतात का? बोलता न येणारं मूल असेल तर दुसऱ्या दिवशी हाकेला वळून बघतंय ना, कान ओढतंय का, एवढं बघा. कानात वाजत असेल तर आवाज जास्त झाला होता, दुसऱ्या दिवशीचा शो रद्द करा, मुलाने कितीही हट्ट केला तरी. दिवसभरात गेलं नाही, किंवा एका कानाने कमी ऐकू येतंय असं वाटलं, तर घरी परत जायची वाट न बघता तिथल्याच डॉक्टरला दाखवा. प्रवासाचा विमा काढताना मुलांची नावं त्यात घातली आहेत ना, हे त्यासाठी निघायच्या आधीच तपासून ठेवा.